फौजेतला डॉक्टर व्हायचं तर: पुण्याच्या एएफएमसीचा रस्ता, रत्नागिरीच्या घरांसाठी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. मदतीला पुण्याहून लष्कराच्या तुकड्या आल्या. त्या मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन वर्षा २१’. तुकड्यांबरोबर फौजेचे डॉक्टरही होते. आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी तेव्हा चिपळूणला मामूंकडे अडकली होती. शाळा ऑनलाइन होती, म्हणून तिने व्हॉट्सअ‍ॅपवरच विचारलं, “सर, फौजेत डॉक्टर कसं होतात?” आम्ही उत्तर दिलं, “आधी डॉक्टर हो, मग बघू.”

उत्तर चुकलं होतं, आणि ते चार वर्षांनी कळलं. २०२५ च्या नीटमध्ये तिला चांगले मार्क पडले. आम्ही शिक्षकांनीच बसून तिचा राज्याच्या सीईटी सेलचा फॉर्म भरून दिला. पुण्याच्या फौजी मेडिकल कॉलेजसाठी दिल्लीच्या वेगळ्या वेबसाइटवर नाव नोंदवावं लागतं, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा मुदत होऊन गेली होती. ती आज राज्य कोट्यातून एका सरकारी कॉलेजात एमबीबीएस करते आहे, म्हणजे नुकसान झालं असं तिचे अब्बा म्हणत नाहीत. आम्ही मात्र म्हणतो. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, पुण्याला जाऊन पाहिलं, ते इथे लिहितो आहोत. दहावीतल्या मुलामुलींच्या घरी हे वाचलं जावं असं वाटतं, कारण यातले निम्मे दरवाजे नीटच्या निकालाआधीच बंद होतात.

कॉलेज कुठलं, जागा किती

आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, म्हणजे एएफएमसी, पुण्यात वानवडीला सोलापूर रोडवर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. बी. सी. रॉय यांच्या समितीने लष्करी वैद्यकीय शिक्षण एका छत्राखाली आणायला सांगितलं आणि १ मे १९४८ ला हे कॉलेज उभं राहिलं. सुरुवातीला इथे फक्त नोकरीतल्या फौजी डॉक्टरांना पुढचं शिक्षण मिळत असे. बारावीनंतरच्या मुलांसाठी एमबीबीएस सुरू झालं ४ ऑगस्ट १९६२ ला. आज ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे, म्हणजे पदवी आणि परीक्षा आपल्या इतर सरकारी मेडिकल कॉलेजांसारख्याच. शेजारचं कमांड हॉस्पिटल हे शिकण्याचं मुख्य रुग्णालय.

एमबीबीएसच्या जागा १५०. त्यातल्या ५ मित्रदेशांनी पाठवलेल्या विद्यार्थ्यांच्या. उरलेल्या १४५ पैकी ११५ मुलांच्या आणि ३० मुलींच्या. महाराष्ट्राचा वेगळा कोटा नाही, अल्पसंख्याकांचा नाही. कॉलेज पुण्यात असलं तरी लखनौ, पटना, कोची, कुठूनही आलेल्या मुलांशी एकाच यादीत स्पर्धा आहे. मुलींच्या जागा कमी म्हणून त्यांची यादी जास्त वर थांबते, हेही लक्षात असू द्या.

पालकसभेत हळू आवाजात एक प्रश्न हमखास येतो: “सर, आपल्या लोकांना घेतात का?” घेतात. मेरिट गुणांवर लागतं, आणि त्या गुणांत धर्माचा रकाना नाही. अर्जच कमी गेले तर यादीत नावं कमीच दिसणार.

नीटच्या आधीच्या अटी

पहिली अट ऐकून बऱ्याच घरांत शांतता पसरते. बारावी पहिल्याच प्रयत्नात पास हवी, इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हे विषय घेऊन. तीन विज्ञान विषयांत मिळून किमान ६० टक्के, प्रत्येक विज्ञान विषयात वेगवेगळे ५० टक्के, आणि इंग्रजीतही ५० टक्के. दहावीला गणित पास असावं लागतं. सरकारी एमबीबीएससाठी बारावीला सर्वसाधारण गटात ५० टक्के पुरतात, म्हणून आपल्याकडे मुलं ‘बारावी नुसती पास व्हायची, नीट महत्त्वाची’ असं म्हणत कॉलेजला दांडी मारून क्लासला बसतात. इंग्रजीच्या पेपरला तर दोन दिवस आधी पुस्तक उघडतात. एएफएमसीसाठी हा हिशोब चालत नाही. नीटला कितीही मार्क असोत, बारावीच्या इंग्रजीत ४८ टक्के असले की विषय संपला.

वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण आणि २४ च्या आत. एक-दोन वर्षं गॅप घेऊन नीट पुन्हा देणाऱ्यांना अडचण नाही. पुन्हा दिलेली नीट चालते, पुन्हा दिलेली बारावी चालत नाही. या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात.

उमेदवार अविवाहित हवा, आणि शिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दोन वेबसाइट, दोन वेगळी कामं

नीट-यूजी सगळ्यांना एकच, ७२० मार्कांची. ती उर्दूतही देता येते आणि मराठीतही. उर्दू माध्यमातून आलेल्या आमच्या मुलांना याचा आधार वाटतो, आणि तो असावाही. निकालानंतर मात्र वाटा फुटतात. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि काही केंद्रीय संस्था दिल्लीच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे, म्हणजे एमसीसीकडे असतात. एएफएमसीची नोंदणीही एमसीसीच्याच वेबसाइटवर, पहिल्या फेरीच्या वेळी होते. तिथे एएफएमसीसाठी इच्छुक असल्याचं निवडून ठेवावं लागतं. ही यादी एमसीसी पुण्याला पाठवते आणि कॉलेज त्यातून नीटच्या गुणांप्रमाणे मुलांना चाचणीला बोलावतं. पुण्यात जाऊन हातात फॉर्म देता येत नाही, आणि मुदत गेल्यावर कुणाची ओळखही उपयोगी पडत नाही.

सीईटी सेलचा फॉर्म भरलेला असला तरी एमसीसीवर नोंदणी करता येते. दोन्ही करा. आमच्याकडून राहिलं ते एवढंच होतं, एका संध्याकाळचं काम.

पुण्यातली चाचणी

बोलावणं आलं की वानवडीला जायचं. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे उतरून तसंच परीक्षेला बसायचं धाडस करू नका, आदल्या दिवशी पोहोचा. काम एका दिवसात आटोपत नाही, त्यामुळे मुक्कामाची सोय बघून ठेवा.

पहिली परीक्षा संगणकावर, इंग्रजी आकलन आणि तर्कबुद्धीची. ४० प्रश्न, अर्धा तास, प्रत्येकी २ मार्क, चुकलं तर अर्धा मार्क कापतात. म्हणजे एकूण ८० मार्क. पेपर फक्त इंग्रजीत. आमच्या मते आपल्या मुलांचं खरं नुकसान इथे होतं. नीट उर्दूतून किंवा मराठीतून दिलेला मुलगा बायोलॉजीत कुणालाही मागे टाकेल, पण इंग्रजी उतारा वाचून पाऊण मिनिटात उत्तर देणं हे दोन महिन्यांच्या क्लासने येत नाही. आठवी-नववीपासून रोज अर्धा तास इंग्रजी पेपर वाचण्याची सवय असेल तरच ते जमतं. आमच्या शाळेत आता वाचनालयाच्या तासाला हेच करून घेतो. मुलं कुरकुर करतात, पण वाचतात.

त्यानंतर मानसशास्त्रीय चाचणी आणि ५० मार्कांची मुलाखत. मुलाखतीत अभ्यासाबाहेरचंच जास्त विचारलं जातं: फौज का, घर कसं आहे, गावात काय चालतं, अलीकडे काय वाचलंत. ‘लहानपणापासून देशसेवेचं स्वप्न आहे’ हे पाठ केलेलं वाक्य सगळेच म्हणतात. मासळीच्या धंद्यात वाढलेल्या मुलाने मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे लिलाव कसा होतो, हे नीट सांगितलं तर समोरच्याला माणूस दिसतो. तुटक इंग्रजीत सांगितलं तरी चालेल, पण घाबरून एका शब्दात उत्तरं देऊ नयेत. आपल्या घरांत मोठ्यांसमोर खाली मान घालून गप्प बसणं हा अदब समजला जातो. तिथे मात्र डोळ्याला डोळा भिडवून बोललेलं आवडतं. मुलींना हे आधीपासून सांगावं लागतं.

शेवटी वैद्यकीय तपासणी: नजर, रंग ओळखण्याची क्षमता, कान, दात, उंची-वजन, हाडं, छाती. चष्मा असला म्हणजे बाद असं नाही, ठराविक मर्यादेपर्यंत चालतो. बाद ठरवलं तर अपील करून दुसऱ्या मंडळाकडून तपासून घेता येतं. पण कानात साचलेला मळ, किडलेल्या दाढा, टॉन्सिल, वाढलेलं वजन या गोष्टी घरच्या घरी आधी निस्तरता येतात. दहावी झाली की एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडून रंगांधळेपण तपासून घ्या. ते काही मुलांमध्ये जन्मतः असतं, मुलींत क्वचित, आणि आयुष्यात त्रास होत नाही म्हणून कुणाला पत्ताच नसतो. त्याच्यावर इलाजही नाही. चार वर्षं एकाच स्वप्नामागे धावून शेवटच्या दिवशी हे कळणं फार कडू असतं.

पैसा आणि बाँड

एएफएमसीत शिकवण्याची फी नाही. राहणं, रेशन आणि गणवेश सरकारकडून. खाजगी मेडिकल कॉलेजच्या फीचे आकडे ऐकून ज्या घरांत आखातातल्या भावाच्या पगारावर कर्ज काढायची भाषा सुरू होते, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण हे फुकट नाही. प्रवेशाच्या वेळी बाँडवर सही होते. पदवीनंतर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत नोकरी करणं बंधनकारक. साधारण निम्म्या पदवीधरांना कायम कमिशन मिळतं, बाकीच्यांना सात वर्षांचं अल्पमुदतीचं. मधेच सोडलं किंवा पदवीनंतर सेवा नाकारली तर बाँडची रक्कम भरावी लागते. ती वेळोवेळी वाढवतात आणि अलीकडे ६० लाख रुपयांच्या वर गेली आहे. ‘फुकटात शिकून घेऊ, मग रत्नागिरीत दवाखाना टाकू’ असा विचार असेल तर इकडे येऊच नका. सात वर्षं झाल्यावर टाकायचा असेल तर जरूर टाका, तोवर वय तिशीच्या आसपासच असतं.

सहीच्या वेळी पालक लागतात. अब्बा दुबईत किंवा कुवेतमध्ये असतील तर सुट्टी त्या हिशोबाने मागा, किंवा कॉलेजची सूचना आली की पालक म्हणून कोण सही करू शकतो हे लगेच विचारून घ्या.

घरात आधी बोलायच्या गोष्टी

लग्न. आपल्याकडे मुलगी अठरा-एकोणीसची झाली की रिश्ते यायला लागतात, आणि चांगलं स्थळ आलं की ‘निकाह करून ठेवू, रुखसती नंतर’ असा मधला मार्ग निघतो. एएफएमसीच्या कॅडेटला तो चालत नाही, कागदावर निकाह म्हणजे लग्नच. साडेचार वर्षं थांबायचं आहे हे दादी-नानीसकट सगळ्यांना आधी सांगा, नाहीतर तिसऱ्या वर्षी वाद उभा राहतो. कमिशन मिळाल्यावर लग्नाला अडकाठी नाही. लग्न केलं म्हणून लष्करी नर्सिंग सेवेतून काढलेल्या एका महिला अधिकाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती कारवाई मनमानी ठरवली आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. काढलं होतं १९८८ मध्ये. न्याय मिळाला, पण छत्तीस वर्षांनी.

दाढी आणि हिजाब. इथे आम्ही गोड बोलणार नाही. हवाई दलातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याने दाढी ठेवण्याची परवानगी मागितली होती. मोहम्मद झुबैर यांच्या त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १५ डिसेंबर २०१६ ला हवाई दलाचा नियम कायम ठेवला. गणवेश हा गणवेश असतो, त्यात कॅडेटला आपल्या पसंतीने भर घालता येत नाही. ज्या मुलीला किंवा मुलाला हे मनापासून मान्य नाही, त्याने दुसऱ्या सरकारी कॉलेजात जाऊन उत्तम डॉक्टर व्हावं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण आत गेल्यावर भांडण काढू नये. दुसरी बाजूही सांगायला हवी. फौजेत धर्मशिक्षक म्हणून मौलवींची भरती होते, आणि छावण्यांत सर्वधर्म स्थळं असतात. ‘फौजेत गेला की दीन गेला’ असं जे चावडीवर बोललं जातं, त्याला या गोष्टी पाहिल्यावर फारसा अर्थ उरत नाही.

शिक्षण कसं चालतं

अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, इतर कॉलेजांसारखाच: अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मग रोगनिदान, औषधशास्त्र, मग वॉर्ड. फरक दिवसाच्या वेळापत्रकात आहे. पहाटे कवायत, व्यायाम, खेळ, मग लेक्चर. केस कापलेले, बूट पॉलिश केलेले, वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. वसतिगृहात राहणं सक्तीचं. जी मुलं घरी अम्मीच्या तिसऱ्या हाकेला उठतात त्यांना पहिले सहा महिने जड जातात, नंतर अंगवळणी पडतं.

फायनल एमबीबीएस पास झाल्यावर कमिशन मिळतं. लष्करात गेला तर लेफ्टनंट, नौदलात सर्जन सब-लेफ्टनंट, हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर. एक वर्षाची इंटर्नशिप अधिकारी म्हणूनच, देशभरच्या सैनिकी रुग्णालयांत होते. पक्की नोंदणी झाली की लष्करात कॅप्टनचा हुद्दा. सातव्या वेतन आयोगात कॅप्टनचं मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होतं, वर लष्करी सेवा वेतन १५,५०० आणि खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के. महागाई भत्ता वेगळा.

त्यानंतर लष्करी डॉक्टरांना लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटर अँड कॉलेजमध्ये मूलभूत प्रशिक्षणाला पाठवतात. डॉक्टरकी आधीच शिकलेली असते, इथे तिला फौजेत वापरायला शिकवतात: जखमींची छाननी करून आधी कुणाला उचलायचं, गोळीबाराखाली रक्त कसं थांबवायचं, छावणीचं पिण्याचं पाणी आणि संडास कसे तपासायचे, नकाशा कसा वाचायचा, हाताखालच्या जवानांना हुकूम कसा द्यायचा. नौदलाच्या डॉक्टरांसाठी मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयाच्या आवारात नौदल वैद्यक संस्था आहे, जिथे पाणबुडी आणि खोल पाण्यातल्या डायव्हरांचे आजार शिकवतात. हवाई दलासाठी बंगळूरला एअरोस्पेस मेडिसिनची संस्था. ज्यांच्या घरात तीन पिढ्या जहाजावर गेल्या आहेत, अशा कोकणातल्या मुलांनी नौदलाच्या वाटेकडे जरा जास्त लक्ष द्यावं असं आम्हाला वाटतं.

मग खरी परीक्षा. तरुण डॉक्टर बहुतेकदा एखाद्या पल्टनीचा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर होतो. शेकडो जवान आणि हा एकटा डॉक्टर, सोबत थोडे नर्सिंग असिस्टंट. पोस्टिंग सियाचीनच्या पायथ्याशी असेल तर उंचीवर फुप्फुसात पाणी भरणं आणि हिमदंश हे रोजचे विषय. मुंबईच्या रुग्णालयात तज्ज्ञाला फोन करता येतो. तिथे हेलिकॉप्टर ढगांमुळे उतरत नसेल तर रात्रभर पेशंट यानेच सांभाळायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीत भूकंप झाला तेव्हा आग्र्याच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलने इस्केंदेरुनला तात्पुरतं रुग्णालय उभारलं. ती माणसं याच शिक्षणातून आलेली. आणि धोका नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मणिपूरचे मेजर लैशराम ज्योतिन सिंह आर्मी मेडिकल कोअरचे डॉक्टर होते. २६ फेब्रुवारी २०१० ला काबूलमध्ये निःशस्त्र असताना त्यांनी आत्मघाती हल्लेखोराला मिठी मारून रोखलं आणि ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. अम्मी-अब्बांनी हे वाचूनच सही करावी.

पल्टनीतली वर्षं झाली की एमडी-एमएसची वाट उघडते. एएफएमसीत आणि मोठ्या सैनिकी रुग्णालयांत सेवेतल्या अधिकाऱ्यांना पदव्युत्तर शिक्षण मिळतं, पगार चालू राहतो. नीट-पीजी त्यांनाही द्यावी लागते. पुढे बढतीसाठी लखनौलाच कमांडचे कोर्स असतात.

मुलींच्या पालकांसाठी तीन नावं. एएफएमसीच्या दुसऱ्या तुकडीच्या विद्यार्थिनी पुनीता अरोरा २००४ मध्ये देशाच्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या. बालमूत्रपिंडतज्ज्ञ माधुरी कानिटकर याच कॉलेजच्या, २०२० मध्ये त्या हुद्द्यावर पोहोचल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. आणि सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन, त्याही एएफएमसीच्याच, १ ऑक्टोबर २०२४ पासून तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला.

एएफएमसी हुकलं तर

फौज तरीही हुकत नाही, हे आम्ही आमच्या त्या विद्यार्थिनीला आता सांगितलं आहे. कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून एमबीबीएस आणि इंटर्नशिप करून, पक्की नोंदणी घेऊन अल्पमुदतीच्या कमिशनसाठी थेट अर्ज करता येतो. वयाची मर्यादा एमबीबीएसला ३०, पदव्युत्तर असेल तर ३५. फायनल एमबीबीएसचे दोन्ही भाग जास्तीत जास्त दोन प्रयत्नांत पास हवेत. अलीकडे नीट-पीजीचे गुण पाहून मुलाखतीला दिल्लीला बोलावतात. सुरुवातीलाच कॅप्टनचा हुद्दा, पाच वर्षांची सेवा, पुढे ती वाढवून एकूण चौदा वर्षांपर्यंत, आणि मधल्या काळात कायम कमिशनसाठी संधी. बाँडचं ओझं नाही. रत्नागिरीत २०२३ मध्ये शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, सिंधुदुर्गात त्याच्या आधीच. तिथून निघणाऱ्या आपल्या मुलांसाठी हाच रस्ता जवळचा आहे. रशिया, किर्गिझस्तानला गेलेल्यांना भारतातली पक्की नोंदणी आधी मिळवावी लागेल, म्हणजे एफएमजीई पास व्हावी लागेल.

नर्सिंगची वाट मुलींसाठीच आहे आणि आपल्याकडे तिच्याकडे उगाच नाक मुरडतात. सैनिकी रुग्णालयांच्या सहा नर्सिंग कॉलेजांत बीएस्सी नर्सिंगच्या एकूण २२० जागा आहेत, त्यातल्या ४० पुण्याला आणि ४० मुंबईच्या अश्विनीत. नीटचे गुण लागतात, पण एमबीबीएसएवढे नाहीत. अर्ज भारतीय लष्कराच्या भरतीच्या वेबसाइटवर वेगळा. पास झाल्यावर मुलगी लेफ्टनंट होते, अधिकारी. शहरातल्या खाजगी रुग्णालयात कमी पगारात राबणाऱ्या नर्सशी तिची तुलना करणाऱ्यांनी एकदा अश्विनीला जाऊन यावं. डेंटल करणाऱ्यांसाठीही आर्मी डेंटल कोअर आहे, तिथे नीट-एमडीएसचे गुण पाहतात.

कागदपत्रं

हे शेवटी लिहितो आहोत, पण काम सगळ्यात आधीचं. आपल्या मुलांची नावं हा मोठा घोळ असतो. जन्मदाखल्यावर ‘शेख’, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. मोहम्मदचं कुठे ‘मोह.’, कुठे पूर्ण. वडिलांचं नाव पासपोर्टवर आडनावाशिवाय. उर्दू शाळेतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येताना प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं असतं. इथे पुढे पोलीस पडताळणी होणार आहे. म्हणून नववीतच जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर समोरासमोर ठेवा. दहावीचा बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी शाळेत दुरुस्ती सोपी असते. मार्कलिस्ट छापून आल्यावर बोर्डाच्या चकरा सुरू होतात.

नीटचे फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षा मे महिन्यात, निकाल जूनमध्ये, आणि एमसीसीची पहिली नोंदणी बहुधा जुलैत. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून निकालानंतर एमसीसी आणि एएफएमसी या दोन्ही वेबसाइट रोज बघा. ज्यांच्याकडे घरी नेट नाही किंवा फॉर्म भरायची भीती वाटते, त्यांनी जून-जुलैत शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये दुपारी तीननंतर यावं, मुलगा-मुलगी कुठल्याही शाळेची असो. येताना दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, नीटचं स्कोअरकार्ड, आधार आणि चालू असलेला मोबाइल नंबर आणा, ओटीपी त्याच्यावर येतो.